सत्त्याऐंशी पदवीधरांचा एक नंबर

नाशिक, ३ मार्च २०२५

चि. रूपालीस अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी आजारी नाही, कोणाचे लग्नही ठरलेले नाही. मोबाइलवर पाठवलेला मजकूर सायंकाळपर्यंत बागलाण तालुका फिरून येतो, आणि हे प्रकरण फिरायला नको आहे, म्हणून कागद.

गेल्या जूनपासून मला विद्यापीठाने अभिप्राय कक्षाचा प्रमुख केले आहे. संस्कृतच्या वर्गात यंदा चार विद्यार्थी. तेव्हा या माणसाला वेळ आहे, असे वरच्यांच्या ध्यानात आले असावे. काम असे की चालू विद्यार्थ्यांकडून आणि जुन्या पदवीधरांकडून शिक्षकांविषयी फॉर्म भरून घ्यायचे. बारा प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच गुण. पाच म्हणजे उत्तम.

व्यावहारिक मराठीच्या दोनशे चाळीस पदवीधरांना आम्ही फेब्रुवारीत मोबाइलवर लिंक पाठवली. उत्तरे आली त्र्याण्णव. मी आनंदाने मामींना शिरा करायला सांगितला. शिरा खाऊन झाल्यावर यादी पाहिली, तर त्यातल्या सत्त्याऐंशी पदवीधरांचा मोबाइल नंबर एकच. शेवटचे आकडे ४१. सटाण्यात तहसील कचेरीसमोर तुझ्या दुकानाच्या पाटीवर जो नंबर आहे, तोच.

उत्तरे तीन दिवसांत आली. तिन्ही दिवस ती सकाळी साडेदहाला सुरू होतात आणि साडेपाचला थांबतात. दीड ते सव्वादोन काहीच नाही. एकदाच दोन वाजून पाच मिनिटांनी एक आले आहे. त्या दिवशी डबा लवकर संपला असेल.

आणि प्रत्येकाने तुमच्या धम्मपाल गांगुर्डे सरांना पाच गुण दिले आहेत. बाराही प्रश्नांना.

आमच्या शास्त्रात स्थालीपुलाक न्याय आहे. भात शिजला का हे पाहायला एक शीत दाबून बघावे. तू एकच शीत सत्त्याऐंशी वेळा दाबलेस की काय, एवढे कळव. गांगुर्डे सरांचा करार या फॉर्मांवर अवलंबून आहे, म्हणून लवकर कळव.

तुझा
खंडूमामा


सटाणा, ७ मार्च

ती. खंडूमामा, सा. नमस्कार.

पत्र पोचलं. हो, मीच भरले. यात चोरी काय ते मला कळलं नाही.

आपल्याकडे प्रवेशाचे फॉर्म कोण भरतं? आधी अण्णा भरायचे, आता मी भरते. फॉर्मला ओटीपी लागतो. पोरं डोंगराकडच्या गावांतून येतात, कोणाला रेंज नाही, कोणाचा मोबाइल बापाकडे आणि बाप मळ्यात. मग अण्णा दुकानाचा नंबर टाकून द्यायचे. पुढे तोच विद्यापीठात चिकटून राहिला. निकालही आमच्याकडे येतात, मामा. कोण नापास झालं हे त्याच्या आईच्या आधी मला कळतं.

तर फेब्रुवारीत एका सकाळी फोन वाजायला लागला. सत्त्याऐंशी मेसेज. प्रत्येकात नाव आणि खाली “आपला अभिप्राय अत्यावश्यक आहे.” सरकारी अत्यावश्यक म्हटल्यावर दुकानात काय करतात? भरतात.

आणि उगाच काही भरलेलं नाही. “सध्या काय करता” हा प्रश्न तुम्ही दहा वेळा विचारला असता तरी त्यांनी उत्तर दिलं नसतं, मी दिलं. निकिता लग्न होऊन देवळाली कॅम्पला गेली, तिथल्या शाळेत कारकून आहे. राज मालेगावात लूमच्या कारखान्यात हजेरी बघतो. साई कांद्याच्या गाड्या भरतो. ज्यांचं माहीत नव्हतं त्यांच्या घरी फोन केला. दोघी पोरींच्या आयांनी तर मला स्थळ विचारलं.

राहिले सर. सर चांगलेच होते. पाच दिले तर काय बिघडलं? तुम्हीच म्हणता करार त्यावर आहे. मग राहू द्या की.

मामींना सांगा, शिरा वाया गेलेला नाही.

तुमची
रूपाली


नाशिक, ११ मार्च

चि. रूपालीस आशीर्वाद.

“सध्या काय करता” याची तुझी उत्तरे मी दोनदा वाचली. विद्यापीठाकडे नऊ वर्षांत नव्हती इतकी खरी माहिती तुझ्या तीन दिवसांत आली. तो भाग मी ठेवून घेतो आहे. सरांचे गुण मात्र सत्त्याऐंशींचेही रद्द करावे लागतील. ते एका माणसाचे मत आहे, आणि ते माणूस माझी भाची आहे.

आता काय पणाला लागले आहे ते नीट सांगतो. नियम असा: करारावरच्या शिक्षकाला चालू विद्यार्थ्यांनी सलग दोन वर्षे अडीचपेक्षा कमी गुण दिले, तर करार संपला. गांगुर्डे सरांना गेल्या वर्षी दोन पूर्णांक दोन, यंदा दोन पूर्णांक एक. अपवाद एकच. किमान पन्नास पदवीधरांची उत्तरे हवीत आणि त्यांची सरासरी साडेतीन किंवा त्याहून वर हवी. कैरी चावून आंब्याविषयी शेरा लिहू नये, म्हणून हा अपवाद घातला. घालणारा मीच. नियमही मीच लिहिला. स्वतः खणलेल्या विहिरीत वाकून बघताना जे दिसते ते मला सध्या दिसते आहे. तुझे वजा केले की पदवीधर उरतात सहा. बैठक अठ्ठावीस तारखेला.

चालू मुलांची तक्रार तुला ठाऊक असेल. दर शुक्रवारी प्रत्येकाने एक खरा फॉर्म भरून आणायचा: बँकेचा, रेशनचा, वारसनोंदीचा. दुसऱ्याने भरलेला दिसला की सर लाल शाईने आडवी रेघ मारतात आणि लिहितात, “रद्द. स्वतः भरा.” एका मुलाने अभिप्रायात लिहिले आहे: “बी.ए.ला येऊन फॉर्म भरायला शिकायचं तर सटाण्याला दुकान आहे.” तुझी कीर्ती वर्गापर्यंत गेली आहे.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. कपाटात जुने कागदी फॉर्म सापडले. त्यात तुमच्या वर्गाचे, २०१७ चे. एकोणतीस फॉर्म, बारा प्रश्न, सगळीकडे एक. “शिक्षक वेळेवर येतात का” यालाही एक, आणि हा मनुष्य तासाच्या आधी दहा मिनिटे येऊन फळा पुसतो हे शिपायालाही ठाऊक आहे. तुमचा वर्ग सरांवर इतका चिडलेला होता? मग आज पाच कसे? आठ वर्षांत माणूस बदलला की विद्यार्थी?

खंडूमामा


सटाणा, १७ मार्च

ती. खंडूमामा, सा. न.

उत्तराला उशीर झाला. दुकानात गर्दी होती असं लिहिणार होते, पण नव्हती.

वर्ग चिडलेला नव्हता. ते एकोणतीस फॉर्म मी भरले.

शुक्रवार होता. मी बचत खातं उघडायचा बँकेचा फॉर्म आणला होता, तो अण्णांनी भरलेला. अण्णांचं अक्षर छापल्यासारखं, सगळा तालुका ओळखतो. मला वाटलं सर शाबासकी देतील. सरांनी फॉर्म वर धरला, म्हणाले, “हे अक्षर तुमचं नाही.” मी म्हटलं, “सर, आमचं दुकानच आहे ते.” अख्खा वर्ग हसला. सर हसले नाहीत. लाल रेघ मारली आणि म्हणाले, “दुकान वडिलांचं आहे. खातं तुमचं आहे.”

तास संपताना ऑफिसातून ते अभिप्रायाचे कागद आले. सगळ्यांना सीबीएस स्टँडवरून सव्वाचारची बस गाठायची होती. राज आमचा वर्गप्रमुख. त्याने गठ्ठा माझ्या बाकावर टाकला. “रूपे, तुझा हात चालतो. भर आन टाक ऑफिसात.” कोणी विचारलं नाही काय भरणार, मी सांगितलं नाही. पाऊण तास बसून एकाखाली एक सगळीकडे एक भरले. वेळेवर येतात का, एक. फळ्यावर नीट लिहितात का, एक. हात दुखला, पण बरं वाटलं होतं. खोटं का सांगू.

पुढच्या शुक्रवारी फॉर्म स्वतः भरून नेला. सरांनी सही केली. दुकानाचे सगळे व्यवहार आज त्याच खात्यात होतात.

गेल्या महिन्यात मेसेज आले तेव्हा मला वाटलं, एकोणतीस एकांच्या बदल्यात सत्त्याऐंशी पाच टाकले की झालं. हिशेब चुकीचा होता हे तुमचं पत्र वाचून कळलं.

त्या फॉर्मांनी सरांचं काही झालं होतं का, मामा? ते तेवढं खरं लिहा.

रूपाली


नाशिक, २० मार्च

चि. रूपालीस आशीर्वाद.

विचारलेस म्हणून लिहितो. २०१८ मध्ये सरांच्या विभागात एक कायम जागा निघाली होती. अर्ज करणाऱ्यांमध्ये सर होते. छाननी समितीपुढे ते अभिप्राय ठेवले गेले आणि मुलाखतीला त्यांना बोलावले नाही. जागा भरली गेली. सर दर अकरा महिन्यांनी नव्या करारावर सही करतात, मधला एक महिना घरी बसतात.

आता यापुढचे वाक्य माझे आहे, ते तुझ्या खात्यावर टाकू नकोस. त्या समितीत मी होतो. शेरा मी लिहिला होता: “विद्यार्थ्यांचे एकमत लक्षणीय आहे.” काल तो कागद काढून पाहिला. अक्षर सुबक आहे. एकोणतीस फॉर्म, सगळ्यांवर निळी शाई एकच, एकाच्या आकड्याचे शेपूट एकाच बाजूला वळलेले. पाणिनीच्या शाळेत वाढलेल्या माणसाला एवढे दिसू नये? त्या दिवशी बैठक जेवणाच्या सुट्टीआधी संपवायची होती. तुमची बस, आमची पंगत.

तर तू एकटी नाहीस. याने तुला बरे वाटावे म्हणून लिहिलेले नाही, खरे आहे म्हणून लिहिले आहे.

आता काम. त्या सत्त्याऐंशी जणांचे स्वतःचे नंबर तुझ्याकडे आहेत. त्यांची यादी पाठव, कक्षातून प्रत्येकाला नवी लिंक जाईल. फॉर्म ज्याचा त्याने, स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या मनाने भरायचा. कोणाला किती द्या हे तू सांगायचे नाही. डोळ्यांनीही नाही. तुझे डोळे फार बोलतात, ते तुझ्या आईकडून आले आहेत. सरांना कमी गुण मिळाले तर कमी. चव्वेचाळीस उत्तरे हवीत. आठ दिवस आहेत.

सरांना सांगायचे की नाही, हे मी सांगणार नाही.

खंडूमामा


सटाणा, २४ मार्च

ती. खंडूमामा, सा. न.

नंबरांची यादी तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी राजच्या हाती पाठवली होती, तुम्हाला मिळाली हे मेसेज यायला लागल्यावर कळलं.

दुकानावर पाटी लावली आहे: “विद्यापीठाचा फॉर्म येथे भरून मिळणार नाही.” सकाळपासून लोक वाचून आत येतात आणि विचारतात, “मग कुठे भरून मिळेल?”

साईची आई लंकाबाई शनिवारी आली. हातात साईचा फोन. म्हणाली, “मना पोऱ्या कांदानी गाडीवर शे. तू भरी टाक ना, तुले सम्दं माहीत शे.” मी म्हटलं, “नही मावशी, त्यालेच भरनं पडी.” ती म्हणाली, तुझ्या बापानं कधी नाही म्हटलं नव्हतं. खरं आहे ते. फोन घेऊन तरातरा निघून गेली. दिवेलागणीला साई स्वतः आला, अंगावर कांद्याची टरफलं. बाकावर बसून भरला. तोंड फिरवून मी झेरॉक्सचं मशीन पुसत होते. म्हणाला, “तो आठवा प्रश्न काय आहे गं? ‘शिकलेलं उपयोगी पडलं का’?” मी गप्प. “आपल्या गाडीचा विमा मी भांडून मिळवला ना मागल्या वर्षी. फॉर्म एजंटला भरूच दिला नव्हता.” मी गप्पच. मामा, मी आयुष्यात इतकी गप्प बसलेली नाही.

निकिता माहेरी आली होती. ती दारातूनच म्हणाली, “मी दोन देणार आहे हं. माझ्या मोठ्या बहिणीचा साखरपुडा चुकला होता त्यांच्या शुक्रवारपायी.” मी म्हटलं, दे. “तू रागावली नाहीस?” म्हटलं, तुझा फॉर्म आहे. तिने किती दिले मला माहीत नाही. भरायला दहा मिनिटं लागली. दोन द्यायला इतका वेळ लागत नाही, एवढंच लिहिते.

राज मालेगावहून पुन्हा खास आला. त्याला मी २०१७ चं सांगितलं. तो ऐकून बाकावर बसला. मग म्हणाला, “गठ्ठा मी टाकला होता. सरांना सांगशील तेव्हा माझं पण नाव घाल.” मी म्हटलं, तुझं तू घाल.

माझ्या मोजणीने आजपर्यंत त्रेचाळीस जणांनी भरलाय. तुमचे सहा धरून एकोणपन्नास. बाकीचे भरत नाहीत. दोघे आखातात आहेत, कोणी फोन उचलत नाही, आणि बऱ्याच जणांना उन्हाळ कांद्याच्या काढणीतून वेळ नाही.

पन्नासावा माझा आहे. तो अजून भरलेला नाही. आधी सरांना सांगितल्याशिवाय तो भरणं म्हणजे पुन्हा तेच होईल. म्हणून सोबत सरांच्या नावे अर्ज जोडला आहे. पत्र लिहायला बसले होते, जमेना. अर्ज मात्र जमला. विषय: “२०१७ साली मी भरलेल्या एकोणतीस फॉर्मांबाबत.” तुम्ही सरांच्या हातात द्या. त्यांनी वाचला की कळवा, मग माझा भरते. मला उत्तर नको आहे. त्यांनी वाचला एवढं पुरे.

रूपाली


नाशिक, २९ मार्च

चि. रूपालीस आशीर्वाद.

काल सकाळी तुला माझ्या मोबाइलवरून “वाचला” असा एक शब्द आला असेल. आयुष्यात मी पाठवलेला तो पहिला मेसेज. मामींनी बटण दाखवले. पाठवणारा खरोखर मीच होतो, हे अर्थात तू मामींना विचारून खात्री करून घे. तू आता या बाबतीत कडक झाली आहेस.

तुझा फॉर्म अकरा मिनिटांनी आला. प्रत्येकाने किती दिले ते मला यादीत दिसते. तुझ्या ओळीवर मी पट्टी ठेवली आणि खालची सरासरी पाहिली. पन्नास उत्तरे. सरासरी तीन पूर्णांक सहा. काठावरचे पाणी, पण काठाच्या आत. यात पाच आहेत, तीन आहेत, दोनही आहेत. कोणीतरी “वर्ग वेळेवर सोडतात का” याला एक दिला आहे आणि पुढे लिहिले आहे, “कधीच नाही.” बैठकीत सगळ्यात जास्त विश्वास त्या ओळीने मिळवला.

काल दुपारी बैठक झाली. करार पुढच्या अकरा महिन्यांसाठी मंजूर. त्याहून जास्त नाही. कायम जागा गेली ती गेली. मी वेगळे टिपण वाचले: २०१७ चे एकोणतीस अभिप्राय एका हाताने भरलेले होते, त्यावरचा माझा शेरा मी मागे घेतो, आणि हे टिपण सरांच्या फाइलीत लावावे. अध्यक्ष म्हणाले, “देवरे सर, आता त्याचा उपयोग काय?” मी म्हटले, उपयोग काही नाही, नोंद आहे. पुढच्या वर्षी जागा निघाली तर ती फाइल उघडली जाईल, एवढे खरे. लावून घेतले.

आता सरांचे. तुझा अर्ज मी त्यांना व्हरांड्यात दिला आणि शेजारी उभा राहिलो. तुला सांगायला हरकत नाही, मी माझे सांगून टाकले त्याच वेळी. दोन गुन्हेगारांसाठी दोनदा उभे राहायला त्यांना का लावावे? त्यांनी दोन्ही ऐकले, म्हणजे एक ऐकले आणि एक वाचले. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचले. मला म्हणाले, “तुम्ही घाईत होता. ती पोरगी घाईत नव्हती, पाऊण तास बसली होती.” मग त्यांनी विचारले, “अण्णांच्या दुकानातली ना? खातं उघडलं का तिने?”

मी म्हटले, उघडले.

“स्वतः?”

स्वतः, मी म्हटले.

मान हलवली आणि तासाला गेले. दहा मिनिटे आधी. शुक्रवार होता.

तुला उत्तर नको होते, पण सरांना रीतीने उत्तर देण्याची सवय आहे. तास संपल्यावर त्यांनी तुझा अर्ज माझ्या टेबलावर परत आणून ठेवला. तो सोबत पाठवतो आहे. उघडाच होता, म्हणून वाचला. आडवी रेघ कुठेही नाही. तळाशी लाल शाईत आहे: “अर्ज स्वतः भरलेला आहे. स्वीकारला. तारीख राहिली आहे. पूर्ण करून पुन्हा सादर करावा.”

तारीख घालून परत पाठव. मी इथून घालून दिली असती, पण नको.

तुझा
खंडूमामा